मास्तर, मिशी सुटतेय

३ फेब्रुवारी, सोमवार

एकशे बारा डबे आले. एक जुनं थिएटर पाडतायत, त्याच्या तळघरातून. सगळे मूकपट. शंभरेक वर्षांपूर्वीचे, कुठकुठल्या देशांतले. मॅडम टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. "अहो, घबाड आहे घबाड!" संग्रहालयाच्या प्रमुख असून लहान मुलीसारख्या नाचत होत्या. मी म्हटलं, हो. डबे मोजले. परत मोजले. दोन्ही वेळा एकशे बारा.

घरी आलो. सासूबाईंनी ताट वाढलं. जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही.

४ फेब्रुवारी

दिवसभर डबे उघडले. पंधरांत फिल्मच नाही — तपकिरी भुकटी. सातांत चिकट गोळा. वास असा, की जेवायच्या सुट्टीतही हाताला येत होता. ही जुनी फिल्म ठिणगीने भडकते, म्हणून आमच्या खोलीत काडेपेटीलासुद्धा बंदी.

बाकीच्यांत बरंच काही शाबूत आहे. बर्फावरून घसरणारा जाडा पोलीस. समुद्रात उड्या मारणारी माणसं. एका रिळात दोन मुली शिडी चढतात, वर जाऊन हसतात, संपलं. कोणता देश, कोणाच्या मुली, काही पत्ता नाही. आज जिवंत असलेल्या एकाही माणसाने हे पाहिलेलं नसेल. एरवी अंगावर काटा आला असता. नोंद केली, पुढचा डबा घेतला.

७ फेब्रुवारी

मेव्हण्याचा फोन. "भाऊजी, सोळा तारखेला गाडी घेऊन येतो. आईला न्यायला. मुलगी राहिली नाही आणि आई अजून जावयाच्या घरात — लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, तुझी मर्जी.

खरं तर सहा महिने झाले. ऑगस्टमध्ये एक पिशवी घेऊन सासूबाई दवाखान्यात आल्या, तिथून सगळं आटोपल्यावर माझ्याबरोबर घरी आल्या, त्या तशाच राहिल्या. मी ना जा म्हटलं, ना राहा म्हटलं. त्या सकाळी चहा ठेवतात. मी पितो. दोघांत दिवसाला दहा शब्द होत असतील.

मेव्हण्याचं त्यांना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. आजचे नऊच झाले.

८ फेब्रुवारी

काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

डबा सदुसष्ट. वर चिठ्ठी — "परदेशी. नाव नाही." आत अकरा मिनिटांची फिल्म, चांगल्या अवस्थेत. पण मधल्या, संवाद लिहिलेल्या पाट्या कुणीतरी कापून काढलेल्या. पाट्याच नाहीत म्हटल्यावर गोष्ट कसली, भाषा कोणती, कळायला मार्ग नाही. कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

खाटेवर एक मिशाळ माणूस मरतोय. उशाशी बाई. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो. ती बोलते, बोलते, डोळ्यांतून पाणी. आवाज अर्थातच नाही.

तीनदा पाहिलं. मग उठलो, नळाखाली तोंड धरलं.

आता लिहूनच टाकतो. दवाखान्यात बायकोच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. एकोणीस दिवस. आवाज गेला, पण बोलायची हौस गेली नाही! ओठ हलायचे. हातात पेन धरायची ताकद नव्हती. मी आपलं "हो, हो" म्हणत राहायचो. कधी सासूबाई पलीकडून सांगायच्या — तिला पाणी हवंय, पंखा कमी करा. मला वाटायचं, आईचं काळीज, कळतं त्याला.

शेवटच्या संध्याकाळी ती खूप वेळ बोलली. माझ्याकडे बघून. मग थांबली, उत्तराची वाट बघत. परत तेच बोलली. मी म्हटलं, हो. तिने डोळे मिटले. पहाटे गेली.

मी कशाला हो म्हणालो, देव जाणे.

१२ फेब्रुवारी

सकाळी चष्मा घरी विसरलो. सासूबाई तो घेऊन संग्रहालयात आल्या. पहिल्यांदाच. त्यांना मागच्या खुर्चीवर बसवलं. समोर सदुसष्ट नंबरच चालू होतं. बाई रडत होती, मिशाळ मरत होता.

मागून खुदकन आवाज. मला वाटलं ठसका लागला. वळून पाहिलं तर सासूबाई हसत होत्या!

"काय झालं, आई?"

"अहो, ती म्हणतेय, मास्तर, मिशी सुटतेय, दाबा पटकन."

फिल्म मागे नेली. खरंच! बाई बोलते, आणि मरणाऱ्याचा हात हळूच ओठावर येऊन मिशी चेपतो.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गिरणीत तीस वर्षं काढली मी. एका छपराखाली दोनशे माग. कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. आम्ही बायका ओठांवरच बोलायचो. भांडायचोसुद्धा."

गिरणीत होत्या हे ठाऊक होतं. हे नव्हतं.

मॅडमना बोलावलं. त्यांनी सासूबाईंना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला. एकेक तुकडा पुनःपुन्हा लावला. "दिव्याने डोळे जळतायत माझे." "किती वेळ मरताय, मास्तर!" तोंड वळलं की सासूबाई स्पष्ट सांगत, "आता नाही दिसलं." उगाच पुढचं-मागचं जुळवलं नाही.

मॅडम पांढऱ्याफटक. "अहो, म्हणजे ही परदेशी नाहीच! आपल्या भाषेत बोलतायत ते!" धावत जाऊन हरवलेल्या चित्रपटांची यादी घेऊन आल्या. जुनी एक नाटकवाल्यांची कंपनी, तिच्या नायकाला सगळे मास्तरच म्हणत. त्यांनी चारच चित्रपट काढले. चारही गोदामाच्या आगीत गेले, असं आजवर सगळे धरून चाललेले. एका जाहिरातीतला फोटो सापडला — तीच खाट, तीच बाई, तीच मिशी.

मॅडमना रडू आलं. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी कॉम्प्युटर बंद केला, डबा कपाटात ठेवला.

१३ फेब्रुवारी

पेपरवाले आले. सासूबाईंचा फोटो काढला. "मी काय केलं? जे दिसलं ते सांगितलं." माझ्याशी सगळे हात मिळवून गेले. हात मिळवले.

परत येताना बसमध्ये त्या खिडकीशी, मी शेजारी. दोन स्टॉप गेले आणि एकदम लख्ख झालं. त्या संध्याकाळी खाटेच्या पलीकडे ह्याच बसल्या होत्या. तिच्या तोंडाकडे बघत.

पाणी, पंखा — आईचं काळीज वगैरे काही नव्हतं. ह्या वाचत होत्या. सगळं!

आणि सहा महिन्यांत अवाक्षर नाही.

आमचा स्टॉप कधी गेला कळलं नाही. त्याच म्हणाल्या, "चला, मागे चालावं लागेल." चाललो.

१४ फेब्रुवारी

विचारायचं ठरवलं. चहा झाला, जेवण झालं. विचारलं नाही. तिने काही भलतंच मागितलं असेल तर? नळ्या काढा, मला घरी न्या — आणि मी हो म्हणून तसाच बसून राहिलो असेन तर?

परवा त्या जाणार. मग विचारायला कुणी उरणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी विचारलं. त्या पिशवी भरत होत्या. हात थांबला.

"माझ्याबद्दलच होतं. म्हणून बोलले नाही."

"काय म्हणाली?"

"आईचं सुनेशी पटत नाही. मी गेले की तिला तुमच्याजवळ ठेवाल ना? असं दोनदा विचारलं तिने. तुम्ही हो म्हणालात." घडी केलेलं पातळ त्यांनी उलगडलं, परत घडी केली. "तुम्हाला कळलं नव्हतं, ते दिसत होतं मला. न कळता दिलेला शब्द, तो काय धरून बसायचा? पण तिला बरं वाटलं."

मेव्हण्याला फोन लावला. उद्या गाडी आणू नकोस, एवढं म्हणालो. तो विचारत राहिला — का? काय झालं, भाऊजी? हॅलो?

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"रडतायत ते. मग कर."