मुंग्यांची साखर

शनिवार, १२ एप्रिल २०२५. हनुमान जयंती.

॥ श्री ॥

नवं घर, म्हणून ही रोजनिशी. वही जुनीच, हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं. वाया कशाला घालवायची?

उरणच्या अलीकडे, मिठागराच्या बांधाला लागून आवडाबाईंचं घर आहे. खाली त्या आणि त्यांचा मुलगा गणराज, वर आमच्या दोन खोल्या. जिना बाहेरून, लोखंडी. खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग आणि त्यांच्यामागे बंदरावरच्या क्रेन दिसतात. यांचं काम ट्रेलरवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. पण माणगावाहून इथं आल्यामुळे परतताना घर तरी वाटेत लागेल.

स्वराज अडीच वर्षांचा. आल्या आल्या दोन्ही खोल्यांतून "आपलं! आपलं!" करत धावला. त्याला नवा करदोटा बांधला, तो पोटावर घट्ट बसला. हे म्हणाले, पोट आहे की मडकं!

मारुतीला रुईची माळ घातली. मग सासूबाईंनी लावून दिलेला नेम: शनिवारी मुंग्यांना रवा-साखर. उंबऱ्याशी चिमूटभर घातली. मुक्या जिवाला गोड घातलं की तो आपल्या लेकराला राखतो, असं त्या सांगायच्या. पाच मिनिटांत ओळ लागली. बरं वाटलं. इथला देव जागा आहे.

मंगळवार, १५ एप्रिल.

सकाळी आवडाबाई उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन वर आल्या आणि थेट उंबऱ्यावरच्या मुंग्यांवर ओतलं. मग चप्पल काढून चेचत सुटल्या. एकही मुंगी हलत नव्हती तरी मारत होत्या. शेवटी फरशीवर हात आपटून आपटून त्यांच्या बोटांची सालं निघाली. स्वराज भिऊन माझ्या पदरात शिरला.

नंतर जिन्यात बसून त्यांनीच सांगितलं. गणराजचा मुलगा ऋत्विक, तीन वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी तांबेच्या तांबे पाणी प्यायचा. शू केली की तिथं मुंग्या लागायच्या आणि घरातली सगळी हसायची, पोर गोड आहे म्हणून. मग एक दिवस छातीचा भाता चालायला लागला आणि दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच संपला. डॉक्टर म्हणाले, शुगर. पोरांनाही होते. रक्ताचा एक थेंब तपासला असता तर कळलं असतं. सून माहेरी गेली ती परतली नाही.

"मुंग्यांना ठावं व्हतं गो," त्या म्हणाल्या. "आमालाच न्हाय."

वाईट वाटलं. पण मुक्या जिवांना असं मारायचं? नेम मोडता येणार नाही. चिमूट आता मोरीच्या कोपऱ्यात घालीन. तिथं त्यांना दिसणार नाही.

शनिवार, १९ एप्रिल.

ऊन फार. स्वराज सारखं पाणी मागतो. माझी मोजायची सवय, म्हणून मोजलं: अकरा फुलपात्री. माणगावला पाच-सहा व्हायची. संक्रांतीपासून अंथरूण कोरडं असायचं, या आठवड्यात तीनदा ओलं. खारा वारा आहे, शिवाय मागच्या दाढा येतायत.

आवडाबाई खालून ओरडल्या, "कवरं पानी पितं गो तुजा पोऱ्या!" साऱ्या आळीने ऐकलं. आत आणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यांची नजर चांगली नाही.

नेम केला. मोरीत, रवा-साखर.

शुक्रवार, २५ एप्रिल.

पंधरा फुलपात्री.

स्वराजने मोरीत शू केली तिथं काळी जाड ओळ लागली. स्वराजला उचलून घेतलं. मग आठवलं, चिमूट मीच तिथं घालते. त्यांना जागा ठाऊक झालीय, येणारच. माझ्याच मुंग्या.

दुपारी आवडाबाई हातात कसलीशी पिशवी घेऊन आल्या. मोरी बघायची म्हणाल्या, पोराचं बोट दे म्हणाल्या. ज्या तोंडाने ऋत्विकची गोष्ट सांगितली त्याच तोंडाने माझ्या मुलाचं नाव घेतलं. मी दार लोटलं. त्यांची बोटं फटीत होती. किंचाळल्या. मी दार लगेच उघडलं नाही. का, ते लिहवत नाही.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय्य तृतीया.

नैवेद्याला आमरस. स्वराजने दोन वाट्या खाल्ला, तरी भूक. उठून उभा राहिला आणि करदोटा कमरेवरून घसरून पायांत पडला. गाठ तशीच होती. अठरा दिवसांत मडक्यासारखं पोट गेलं कुठं? अशक्तपणावर ग्लुकोजची पावडर पाण्यात दिली. आवडीने प्यायला. एकोणीस.

यांचा फोन आला. आजच दवाखान्यात ने म्हणाले. मी म्हटलं, उन्हाचं आहे, रविवारी तुम्ही आलात की जाऊ.

संध्याकाळी आवडाबाई आधण घेऊन सरळ मोरीत घुसल्या. कोपऱ्यातली साखर दिसली. पातेलं भिरकावलं. माझा डावा पाय घोट्यापर्यंत भाजला, कातडी पांढरी होऊन सुटली. वर मलाच थोबाडीत मारली. "भरव! भरव त्यांना! मारशील पोराला!"

गणराज त्यांना ओढून घेऊन गेला. आता कळतंय. त्यांचं पोर गेलं, दुसऱ्याचं राहिलेलं त्यांना बघवत नाही. काहीतरी करतायत त्या माझ्या स्वराजला.

शुक्रवार, २ मे.

ओकला. चार वेळा. साखर-मिठाचं पाणी दिलं, तेही ओकला. तरी "आई पाणी, आई पाणी". सव्वीस.

तोंडाला पिकल्या केळ्यासारखा वास. केळं घरात आलेलंच नाही.

मारुतीचा अंगारा लावला. कपाळ थंड. खिडकी लावून घेतली, खालून कुणी बघू नये. उद्या सकाळी दवाखाना —

शनिवार, ३ मे. दुपारी दोन.

सकाळी पाय टेकवेना. रात्रभर जागी होते. दाराला कडी न लावताच पलंगाला टेकले आणि डोळा लागला.

उघडला तर आवडाबाई स्वराजवर वाकलेली. एका हाताने त्याचं मनगट धरलेलं, दुसऱ्या मुठीत टोकदार काहीतरी. त्याच्या बोटावर रक्त. तो रडतही नव्हता.

पायाला लावायला हळद कुटलेली, तो खलबत्त्यातला बत्ता हाताशी होता. पहिला खांद्यावर बसला. तिने मुलाचा हात सोडला नाही. दुसरा कानामागे. ओला नारळ फुटल्यासारखा आवाज. तरी माझ्या पोटाला मिठी मारून ओरडत होती. झटापट जिन्यापर्यंत गेली. माझा मोबाईल खाली गेला, मग ती गेली. एकेका पायरीवर डोकं —

गणराज आला. माझ्या तोंडावर बुक्की मारली, दोन दात गेले. मला आत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. आईला टेम्पोत घालून नेलं. मी म्हटलं, ती माझ्या मुलाला मारत होती. खाली बायका जमल्यात.

अडीच.

पलंगाखाली आवडाबाईंची ती पिशवी सापडली. मुठीतलं ते टोकदार म्हणजे बटणाचं पेन, त्यातली सुई मोहरीएवढी. एक छोटं यंत्र, पट्ट्या, मराठीत छापलेला कागद. दहावीपर्यंत शिकलेय, वाचता येतं.

आधी माझं बोट टोचलं. एकशे चार.

मग त्याचं. आकडा आला नाही. इंग्रजी दोन अक्षरं, एच आणि आय. पुन्हा टोचलं. तेच. कागद म्हणतो, साखर सहाशेच्या वर गेली तर यंत्र आकडा दाखवत नाही, ताबडतोब रुग्णालयात —

ती रक्ताचा थेंब घ्यायला आली होती. एक थेंब.

तीन.

खिडकीतून ओरडले, पोराला शुगर आहे, दार उघडा! एक बाई म्हणाली, आता नाटकं सुचतात गो तुला?

दार खुर्चीने हाणलं. खुर्ची मोडली. गजांना डोकं —

छातीचा भाता चालतोय. सांगितला होता तसाच. हाक मारली तर डोळे अर्धे. पाणी मागत नाही. एवढे दिवस मोजलं, आता फुलपात्र भरून ठेवलंय आणि मागत नाही —

सव्वातीन.

कुणीतरी ओरडलं, म्हातारी गेली. दगड. काच पलंगावर. माझ्या पाठीवर घेतले, त्याला एकही लागू दिला नाही —

मुंग्या. मोरीतून ओळ. पलंगाच्या पायावरून. त्याच्या ओठांवर. आज शनिवार, पण मी साखर घातलेली नाही. आज कुणालाच घातलेली —

चिरडते. दोन्ही हातांनी. संपत नाहीत.

जिना वाजतोय. गणराजचा आवाज. दारावर कोयता —

जो आत येईल त्याने आधी हे वाचा. माझं काय ते नंतर करा. वही दारासमोर धरते. स्वराज, वय अडीच, यंत्रात आकडा मावत नाही, आवडाबाई खरं सांगत होत्या, त्याला आधी —