तात्पुरता आवाज

मंगळवार, १३ मे

चित्र परत आलं! ऑनलाइन दुकानात आमच्या गेमच्या पानावर लावायचं मुख्य चित्र. गेममधली एडी मोटेलच्या पलंगावर बसलीय, पाठमोरी, एक खांदा उघडा. ‘सर्व वयोगटांना दिसणाऱ्या जागी हे चालणार नाही.’ नायोला फोन लावला, कारण चित्रं तिची. ती इन्व्हरकार्गिलहून एवढ्या जोरात ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं खांदा आहे तो! एकसष्ट वर्षांच्या बाईचा खांदा! ह्यांच्या आया काय मानेखाली संपतात?"

आता खांद्यावर शाल घालायची. शालीने ती जास्तच उघडी वाटते, पण नियमात बसते.

आणि गेममध्ये आहे तरी काय! बर्फाने रस्ता बंद, डोंगरातलं एक मोटेल, एडी आणि जॉक, दोघं साठीचे, अनोळखी. दोन दिवस. अठरा वर्षांवरच्यांसाठी — आणि ते उगाच नाही, पुढे सगळं होतं आणि दिसतं. पण जॉक काहीही करण्याआधी विचारतो. विचारतो आणि थांबतो. खेळणारा म्हणजे एडी. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर तो उभाच. घड्याळ नाही, घाई नाही. अशा गेममध्ये हे कुणी केलेलं नाही. हे सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की फर्गसला, सख्ख्या नवऱ्याला, न सांगताच झोपले.

शुक्रवार, १६ मे

जाहिरात करायची तरी कुठे? पैसे देऊन जाहिरात — घेत नाहीत. खेळताना व्हिडिओ करणारे — त्यांचं चॅनल बंद पडेल म्हणून घाबरतात. एकाने कळवलं, ‘खेळलो, रडलो, पण दाखवू शकत नाही.’ बरं, रडलास ना? मग कुणाला तरी सांग की!

दुपारी फर्गस चीज रोल भाजून वर घेऊन आला. टेबलावर ठेवून थोडा घुटमळला. "कसं चाललंय?" मी म्हटलं, "चाललंय." गेला. बशी संध्याकाळी बघितली तेव्हा चीज गार होऊन चामडं झालं होतं.

जूनमध्ये डेमोंचा मेळा आहे, ऑनलाइन. आठवडाभर जगभरचे लोक न आलेल्या गेमचे तुकडे फुकट खेळतात, आवडलं तर विशलिस्टमध्ये टाकतात. आमच्यासारख्यांची सगळी जाहिरात म्हणजे तेवढाच आठवडा. मी नोकरी करायचे तो स्टुडिओ बंद पडून वर्ष झालं. जुन्या साहेबाने ब्रिस्बेनला जागा धरून ठेवलीय, जुलैपर्यंत. मेळ्यात आपटले तर मी ब्रिस्बेनला जाणार, आणि फर्गस पोर्ट चॅमर्स सोडणार नाही. वीस वर्षं बंदराच्या रेडिओवर बसलाय, ह्या खाडीत शिरणारी प्रत्येक बोट आधी त्याचा आवाज ऐकते. हे आम्ही एकदाच बोललो. तो म्हणाला, "बघू." त्याच्या ‘बघू’चा अर्थ मला लग्नाला चौदा वर्षं होऊन कळलेला नाही.

रविवार, २५ मे

ट्रेलर झाला. डोळ्यांची आग. फर्गसला दाखवायचा राहिलाच.

सोमवार, ९ जून

मेळा सुरू. पहाटेपासून विशलिस्टचा आकडा बघतेय. नायो म्हणते, "सारखं झाकण उघडून बघितलं तर भात शिजत नाही." हिला भात कधी करता आला नाही, तो भाग वेगळा.

दिवसभर मुंगीच्या पावलाने. संध्याकाळी अचानक उडी! काय झालं कळेना. कुठूनतरी कुणीतरी बोललं असणार.

मंगळवार, १० जून

मेले मी. मेले.

लोक जॉकच्या आवाजाबद्दल लिहितायत. ‘हा नट कोण?’ ‘हा माणूस अभिनय करतच नाहीये.’ मला बरं वाटलं, म्हटलं चला, डेसमंडचे पैसे वसूल. तो ऑकलंडचा, नाटकातला, मे महिन्यात सगळे संवाद रेकॉर्ड करून पाठवले होते. मग एकाने लिहिलं, ‘मध्येच खोकतो तेसुद्धा किती खरं!’ डेसमंड खोकत नाही. फर्गस खोकतो.

फेब्रुवारीत, प्रसंग किती लांब होतात ते बघायला, मी फर्गसला बसवून जॉकच्या सगळ्या ओळी वाचून घेतल्या होत्या. सगळेच करतात असं, घरातला जो सापडेल त्याचा आवाज तात्पुरता टाकतात, नट आला की काढतात. सपाट वाचलं त्याने, बोटींना धक्क्याचा नंबर सांगावा तसं. हसलो होतो आम्ही. "हे कुणी ऐकणार नाही ना?" म्हणाला. मी म्हटलं, "वेडा आहेस का, कोण ऐकणार!"

मी जुनी प्रत चढवली. डेसमंडच्या आधीची. दोन फोल्डरांची नावं सारखी, आणि झोप नाही... कारणं काय देत बसलेय.

नायोला सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. मग आकडा बघितला आणि आवाज बदलला. "हात लावू नकोस. ऐकतेयस? अजिबात हात लावू नकोस."

"अगं पण त्याला विचारलं नाही."

"मग विचार ना! वरच्या मजल्यावर तू, खालच्या मजल्यावर तो. मध्ये काय समुद्र आहे?"

बुधवार, ११ जून

आज विचारणार होते. तो कामावरून आला, सूप गरम केलं, मला हाक मारली असणार, मी खाली गेले तेव्हा त्याची वाटी धुऊन झाली होती. बातम्या बघत होता. त्याच्या शेजारी बसले. बातम्या संपेपर्यंत बघितल्या. वर आले.

आकडा तिप्पट. एकच ओळ सगळीकडे फिरतेय. दुसऱ्या दिवशीचा प्रसंग, एडी खिडकीशी बसलीय आणि जॉक तिच्या खोलीच्या दारात. "थांबू की जाऊ?" बस. एवढंच. लोकांनी ती कापून लावलीय, फोनची घंटी केलीय. एका बाईने लिहिलं, ‘खरोखर दारात उभा राहून, आशा सोडायच्या बेतात असलेला माणूस बोलतोय. मी उत्तर द्यायच्या आधी गेम थांबवून नवऱ्याजवळ जाऊन बसले.’

हे वाचून अभिमान वाटला. लाजही वाटली. अभिमान जास्त वाटला, त्याची लाज वाटली.

शनिवार, १४ जून

कळलं त्याला. माझ्याकडून नाही.

वॅटी! तो ट्रॉलरवाला, कॉडची जाळी कमी आणि जीभ जास्त चालवणारा. त्याच्या पुतणीने डेमो खेळला आणि आवाज ओळखला. इथल्या कोळ्यांच्या घरातलं पोरसुद्धा झोपेत ओळखेल. सकाळी वॅटीने खाडीच्या तोंडाशी येऊन, उघड्या चॅनलवर, सगळ्या बोटी ऐकत असताना विचारलं — "पोर्ट, थांबू की जाऊ?"

फर्गसला वाटलं, भरतीबद्दल विचारतोय. "थांब," म्हणाला. आणि खाडीभर हशा. मग दुसऱ्या बोटीने विचारलं. मग तिसऱ्या. चौथ्याने सांगितलं त्याला, कशातली ओळ आहे ती.

हे सगळं त्याने मला बूट काढता काढता सांगितलं. रागावला नव्हता. मी शंभरदा म्हटलं, "अरे चूक झाली, जुनी प्रत गेली, मी सांगणारच होते." त्याने बूट शेगडीजवळ ठेवले. "कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आज शनिवार." बस. आंघोळीला गेला.

चिडला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं!

सोमवार, १६ जून

मेळा संपला. ब्रिस्बेनची गरज पडू नये इतका मोठा आकडा. घरात कुणाला सांगू?

बुधवार, १८ जून

मेळा संपला तरी डेमो आमच्या पानावर आहेच; त्यातून फर्गसचा आवाज काढला, डेसमंडचा घातला. आपणहून. म्हटलं, हे तरी नीट करू. दोन तासांत बोंबाबोंब! ‘आमचा जॉक कुठे गेला?’ ‘हा तर साबणाची जाहिरात करतोय.’ लोक विशलिस्टमधून काढून टाकायला लागले. डेसमंड बिचारा भला माणूस, त्याने स्वतःच फोन केला. "मी ती ओळ वीसदा करून पाहिली, रोना. नाही जमत. तुझा तो माणूस ती कुणालातरी म्हणतोय. मी माइकला म्हणतोय."

नायो म्हणते, परत घाल. मी म्हटलं, विचारल्याशिवाय नाही. "मग विचार!" — पुन्हा तेच. किती सोपं वाटतं हिला.

फर्गस रेडिओवर आता कामापुरतंच बोलतो म्हणे. वॅटीची बायको दुकानात भेटली, तिने सांगितलं. बोटींना चुकल्यासारखं होतं. वॅटी माफी मागायला बीअर घेऊन जाणार आहे. मी काय घेऊन जाऊ?

शुक्रवार, २० जून

मातारिकीची, माओरी नववर्षाची सुट्टी. दोघं घरी. बाहेर दक्षिणेचा वारा, खिडक्या खडखडतायत. शेवटी विचारलं. स्वयंपाकघरात, तो बटाटे सोलताना.

"तुझा आवाज वापरू का? खऱ्या गेममध्ये. नीट पैसे देऊन, नाव घालून. किंवा नाव न घालता. तू म्हणशील तसं."

तो सोलत राहिला. मग म्हणाला, "कमाल आहे तुझी. गेमभर तो माणूस विचारतो. पाणी प्यायच्या आधी विचारतो! लोक त्याचंच कौतुक करतात, मी वाचलं सगळं. आणि मला विचारायला तुला बोटींचा हशा व्हावा लागला."

बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मी उसळले. नको ते बोलले. म्हटलं, "जॉक निदान विचारतो तरी! तू कधी काय विचारलंस मला? चौदा वर्षांत? चालू आहे का, झालं का, जेवतेस का! म्हणून तर लिहावा लागला मला तो!"

बोलून गेले. गेम लिहीत होते ती तीन वर्षं जी गोष्ट मीसुद्धा स्वतःशी म्हटली नव्हती ती बटाट्यांच्या सालांवर पडली.

त्याने माझ्याकडे बघितलं. असं, जसं एखादी बोट चुकीच्या धक्क्याला लागताना बघतात. मग सुरी धुतली. "वापर," म्हणाला. "नाव नको. तो काही मी नाही."

हो म्हणाला! मिळालं जे हवं होतं ते. आणि मी जिन्यावर बसून रडले.

रविवार, २२ जून

ब्रिस्बेनला ‘नाही’ कळवलं. नायोला ‘हो’ कळवलं. फर्गस पाहुण्यांच्या खोलीत झोपतो, खोकल्याने मला त्रास होतो म्हणून. मला कधीच झाला नाही.

मंगळवार, २४ जून

फर्गस कामावर. ‘थांबू की जाऊ’च्या मागे बारीक टकटक येते, ती काढून ओळ स्वच्छ करायची होती. म्हणून फेब्रुवारीचं मूळ रेकॉर्डिंग आज पहिल्यांदा सबंध ऐकलं. तेव्हा प्रोग्रामकडून प्रत्येक ओळीचं शेवटचं वाचन तेवढं आपोआप कापून घेतलं होतं, बाकी मी ऐकलंच नव्हतं.

वाचन संपतं. कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज. "झालं, थँक्स," हे मी. त्याची पावलं दारापर्यंत जातात. माइक मी बंदच केला नव्हता. मग माझ्या टायपिंगची टकटक सुरू होते, म्हणजे मी हेडफोन चढवले असणार. बराच वेळ तेवढंच. मग लांबून, दारातून, तो.

"थांबू की जाऊ?"

टायपिंग चालू आहे. तो थांबलाय, खोकतो एकदा. टायपिंग चालूच आहे. मग जिना उतरल्याचा आवाज.