वरचा थांबा, खालचा थांबा

४ मार्च

जिन्याच्या रुळावरून वर-खाली नेणारी विजेची खुर्ची आज मध्येच अडकली! सासूबाई तिच्यात, मांडीवर पर्स, आणि खाली दुकानात दोन गिऱ्हाइकं माना वर करून बघतायत. आधी जळका वास, मग खटकन थांबली. ना वर, ना खाली. "पंडिता, तुझा तो त्रिशंकू म्हणतात तो हाच ना गं?" सासूबाई वरून ओरडल्या. नवरा आणि शेजारचा शिंपी, दोघांनी मिळून त्यांना उचलून वर आणलं. पोचेपर्यंत त्या हसत होत्या. खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

६ मार्च

मेकॅनिक येऊन गेला. रूळ ठीक, मोटर ठीक, ब्रेक ठीक. आतला बोर्ड जळला. "मिळेल का दुसरा?" "कंपनीच राहिली नाही बाई, बोर्ड कुठला मिळतोय!" नवी खुर्ची घ्यायची तर आमच्या वळणदार जिन्याचं माप घेऊन रूळ मुद्दाम बनवावा लागणार. पाच-सहा महिने सहज.

तोवर काय? खाली नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, वर आम्ही. खाली ना झोपायला जागा, ना न्हाणीघर. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई सपाटीवर वॉकर धरून चालतात, पण जिना नाही. रोज सकाळी या खुर्चीवरून उतरायच्या आणि गल्ल्याशेजारी बसून लोकांना कुठली फ्रेम शोभत नाही ते सांगायच्या. मागे एका प्राध्यापकांना म्हणाल्या, "ही नको. हिच्यात तुम्ही अख्खा वर्ग नापास केल्यासारखे दिसता." त्यांनी ती परत ठेवली. दुसऱ्या दोन घेतल्या.

आज दिवसभर खिडकीशी बसून होत्या.

७ मार्च

थोरल्या दिरांचा फोन. ते दुसऱ्या शहरात, घर तळमजल्यावर. गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या, तेव्हापासून संस्कृत क्रियापदांच्या दहा लकारांपैकी त्यांच्या बोलण्यात एकच उरलाय — लोट्, म्हणजे आज्ञार्थ. "तीस तारखेला गाडी घेऊन येतोय. आईला नेतोय. दोन माणसं आणतो, उचलून खाली घेतील. कोंडून ठेवलंय तुम्ही तिला."

नवरा आपला "हो दादा, बघू दादा." बघू कसलं! खुर्ची चालत नाही तोवर आमच्याकडे उत्तर नाही, हे त्यालाही माहीत आहे.

चोवीस वर्षं आम्ही दोघी रोज एकमेकींना टोमणे मारतोय. त्या गेल्यावर मी कुणाला मारू? नवऱ्याला कळत नाहीत.

८ मार्च

लिहून ठेवते, म्हणजे माघार घेता येणार नाही. बोर्ड मी बनवणार.

शब्दकोशाची मुद्रितं तपासून डोळे शिणले की मी हल्ली सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर शिकते. का, ते विचारू नये. बायका विणकाम करतात, मी हे करते. आजवरची कामगिरी म्हणजे टेबलावरचा एक दिवा. हात दाखवला की लागतो. शिंकलं तरी लागतो.

नवरा म्हणाला, "दिवा आणि आई यात फरक आहे गं."

आहे. दिवा उलटून बोलत नाही.

पण तो चेष्टेने म्हणत नव्हता, आणि मीही आतून हसत नव्हते.

१० मार्च

जुना बोर्ड पूर्ण सोलला. भाग एकेक करून उपसून काढले, दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. आता तो परत जोडता येणार नाही. पूल ओलांडून जाळून टाकलाय, आणि पोहता येत नाही.

आत आहे मात्र साधंच. दोन रिले — एक वर नेणारा, एक खाली. रुळाच्या दोन्ही टोकांना एकेक खटका. खुर्ची खटक्याला टेकली की मोटर बंद. वरचा थांबा, खालचा थांबा. हे दोन आहेत म्हणून माणूस जिन्याच्या टोकाला शाबूत उतरतो. त्यांच्या चार तारा एका छोट्या कनेक्टरमधून बोर्डात येतात. तो कनेक्टर सॉफ्टवेअरच्या संग्रहात सापडेना, म्हणून फोटो पडद्यावर अंथरला आणि त्यावरूनच गिरवला. हुबेहूब!

ग्राउंड मात्र मला पहिल्या दिवसापासून कळलंय. ते आपल्या ब्रह्मासारखं. सगळं तिथेच जाऊन मिळतं, आणि जोडायला विसरलात तर जग मिथ्या.

१३ मार्च

भाग मांडले की पडद्यावर बारीक रेघांचं जाळं उमटतं — कोण कुणाला जोडायचा आहे त्याचं. थेट आमचं घराणं. प्रत्येकाला प्रत्येकापर्यंत पोचायचंय आणि कुणी कुणाला ओलांडायचं नाही. एक रिले सरकवला की अकरा नातेवाईक रुसतात.

आराखडा हौशी लोकांच्या मंचावर टाकला. तासाभरात एकाचं उत्तर : "मोटरची ही वाट एवढी बारीक? ताई, हा ट्रॅक नाही, फ्यूज आहे." लाज वाटली. चांगला चौपट रुंद केला. तो म्हणाला नसता तर? आणखी काय काय असेल, जे कुणी म्हणणार नाही?

१५ मार्च

सॉफ्टवेअरची नियमतपासणी : एकेचाळीस दोष. इतका लाल रंग मी कुठल्या लेखकालाही कधी दाखवलेला नाही.

१६ मार्च

शून्य दोष!! बोर्ड बनवायला पाठवले. आठवड्यात येतील म्हणतात.

सासूबाईंना पडद्यावर दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. "यावर मी बसायचं?" "यावर नाही आई, खुर्चीवर. हा तिच्या पोटात." "मग हरकत नाही. पोटात काय काय असतं, कुणाला दिसतंय."

दुपारी दार लावून थोरल्यांशी फोनवर बोलत होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल.

"काय म्हणाले?"

"काही नाही. जेवला नव्हता."

"आज्ञेने भागत नाही म्हणून आता उपोषण वाटतं!"

हसल्या नाहीत. एरवी याहून फालतू विनोदाला हसतात. तिकडून दडपण फार आणतायत बहुतेक.

२० मार्च

नवरा जेवताना म्हणाला, "दादा म्हणतो ते अगदीच चूक नाही." मी ताट उचलून उठले. नंतर वाटलं, निदान पोळी संपवायची होती.

२३ मार्च

बोर्ड आले. हिरवेगार, तळहाताएवढे, कोपऱ्यात माझ्या हातची अक्षरं छापलेली. चार वेळा पुसून पाहिला, स्वच्छच होता.

दिवसभर भागांना सोल्डरिंगचे डाग देत बसले. संध्याकाळी टेबलावर चाचणी घेतली. मोटरच्या जागी बल्ब, थांब्यांच्या जागी सुटे खटके. 'वर' दाबलं, बल्ब लागला. वरचा खटका दाबला, विझला. 'खाली' — तसंच! नवऱ्याला हाक मारली. तो आला, पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. एवढं पुरे.

सासूबाई म्हणतात, परवा पहिली मीच बसणार. मी म्हटलं, बघू. मनातून हो म्हटलं होतं.

२५ मार्च



बोर्ड बसवला. सासूबाई जिन्याच्या डोक्यावर वॉकर धरून तयार, केस विंचरून. "सर की गं बाजूला, खाली लोक वाट बघतायत." मी सरकणारच होते. नवरा खालून म्हणाला, आधी वजन ठेवून बघू. वजन म्हणून शब्दकोशाचे खंड रचले, 'अ'पासून 'न'पर्यंत, आणि पट्टा बांधला. बटण दाबलं. निघाली! काय डौल! वळण घेतलं, सावकाश खाली आली, थांब्याच्या जागी पोचली —

थांबली नाही.

बटण सोडलं तरी थांबली नाही. ते बटण जुन्या बोर्डासारखंच — एकदा दाबलं की थांबा येईतो चालत राहायचं. पायाशी लाकडी स्टूल असतं, उतरताना सासूबाई त्यावर पाय टेकतात. पाय ठेवायची पाटी त्यावर आली, दाबत गेली, आणि स्टुलाचा एक पाय कडकन मोडला. मोटर गुरगुरत होती. नवऱ्याने किल्ली फिरवली तेव्हा कुठे शांत झाली.

नवरा खाली बसून लाकडाचे तुकडे गोळा करायला लागला. एक तुकडा हातात धरून म्हणाला, "इथे तिचे पाय असतात."

ओरडला असता तर मी भांडले असते.

सासूबाई आत जाऊन पडल्या. मी जेवायला बोलवायलाही गेले नाही.

२६ मार्च, सकाळी

सोडून द्यावं. थोरले येतील, माणसं आणतील. त्यांच्या गाडीला सीटबेल्ट आहे, माझ्या विद्वत्तेला थांबा नाही.

२६ मार्च, दुपारी

सासूबाई वॉकर टेकत माझ्या टेबलापाशी आल्या. "रडून झालं?" "झालं." "मग कारण शोध. मोडलेल्या स्टुलाचं मी सुतक पाळणार नाही, ते गेलं ते गेलं. पण मला तीसच्या आत खाली जायचंय."

"आई, भीती नाही वाटत?"

"वाटते तर. म्हणून तर तुला सांगतेय, शोध."

२६ मार्च, संध्याकाळी

सापडलं!!

जुना बोर्ड आणि नवा, एकमेकांशेजारी ठेवून बघत होते. तो छोटा कनेक्टर — फोटोवरून गिरवलेला. फोटो कुठल्या बाजूचा? मागच्या! तारांचे ठसे मागेच दिसतात ना, म्हणून मागचा. आणि मी तो पुढचा समजून गिरवला. आरशातल्यासारखा उलटा. एक-दोन-तीन-चारचं चार-तीन-दोन-एक. खुर्ची खालच्या थांब्याला टेकली, आणि बोर्डाला वाटलं वरचा लागला. वरचा लागल्यावर खाली जायला बंदी कशाला? जा की खुशाल!

मग सॉफ्टवेअरने का नाही पकडलं? कारण दोष नव्हताच. 'शशशृंग', म्हणजे सशाचं शिंग, हा समास कसा अगदी निर्दोष आहे. फक्त सशाला शिंग नाही. आणि टेबलावरची चाचणी? तिथे सुटे खटके मी माझ्याच आराखड्याप्रमाणे जोडले होते. चूक माझी, परीक्षकही मीच; दोघी सख्ख्या बहिणी, एकमेकींना सामील.

नवा बोर्ड मागवायला वेळ नाही, आणि गरजही नाही. प्लगमधल्या चार तारा टाचणीने सोडवून उलट्या क्रमाने बसवल्या. झालं. म्हणजे झालं असं वाटतंय. 'झालं' हा शब्द मी आता जपून वापरणार आहे.

२७ मार्च

मेकॅनिकला बोलावलं. त्याने बोर्ड उलटासुलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोर्डाकडे. "तुम्ही काय करता बाई?" "शब्दकोश." "बरं," म्हणाला, आणि पुढे काही विचारलं नाही. हाताने एकेक थांबा दाबून, मोटर चालवून दाखवायला लावलं. दोन्ही टोकांना थांबली. मग खंड. थांबली. वर नेली, खाली आणली, मध्येच किल्ली काढली, परत लावली, मेकॅनिक कंटाळेस्तोवर.

मग मी बसले. खाली जाताना डोळे मिटले होते. नवरा जिन्याच्या पायाशी हात पसरून उभा, जणू मी पडणार आणि तो झेलणार. माझं वजन लक्षात घेता हे खरं प्रेम.

थांबली. जिथे थांबायची तिथेच.

२८ मार्च

सासूबाई खाली! मी वर बटणाशी, नवरा खाली, दोघांचा श्वास जिन्यात. वळणावर त्या म्हणाल्या, "एवढं बघू नका, मला संकोच वाटतो." उतरल्या, गल्ल्याशेजारी बसल्या, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला — "ही? हिच्यात तुम्ही तुमच्याच मेहुण्यासारखे दिसाल." त्याला मेहुणा आहे आणि तो नावडता आहे, हे यांना कसं कळतं देव जाणे. दिवसभर वर यायचं नाव नाही.

थोरल्यांना मुद्दाम कळवलं नाही. येऊ देत. बघू देत. मी पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, दोन्ही पाठ करून ठेवलेत.

३० मार्च

थोरले आले तेव्हा सासूबाई खुर्चीवरून उतरत होत्या. एकट्याच. मांडीवर बॅग.

"बॅग कशाला, आई?" मी विचारलं.

"तो एकटा आहे गं. 'ये' म्हणता येत नाही त्याला, म्हणून हुकूम सोडतो. तुला फोनवर ऐकू नाही आलं?"

"मग मला हे सगळं का करू दिलंत?"

"उचलून नेलं असतं तर त्याने मला नेलं असतं. आता मी जातेय." आणि माझा गाल ओढला, लहान मुलीसारखा.

गाडी गेल्यावर मी वर आले आणि बटण दाबलं. रिकामी खुर्ची सावकाश वर आली. वरच्या थांब्यापाशी बरोबर थांबली.

काही चूक नाही.