चांदवडच्या स्थळाचे रिकामे क्रेट

मखमलाबाद, नाशिक

ती. स्व. कारभारी दाजींच्या चरणी गोटीरामचा दंडवत. आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमची शुगर आटोक्यात असल्याचं कळलं, म्हणूनच स्पष्ट लिहितो. नाहीतर जिभेला आवर घातला असता. (फोनच केला असता, पण मी फोन कानाला लावला की सायली आणि तिची आई भाजी निवडायला नेमक्या माझ्याशेजारी येऊन बसतात.)

तुम्ही सायलीसाठी सुचवलेलं चांदवडचं स्थळ मला पहिल्यापासून खटकत होतं. मुलगा कांदेवाल्याच्या घरातला, कॉलेजात चित्रकला शिकवतो, इथवर ठीक. पण व्यसन नाही, भावकीत भांडण नाही... दाजी, इतका स्वच्छ माणूस असतो का कुठे? म्हणून येत्या रविवारच्या बघण्याच्या कार्यक्रमाआधी मीच त्याला गुपचूप बघून आलो. गंगापूर रोडला त्याचं प्रदर्शन होतं. टोपी पिशवीत घातली, ओळखू येऊ नये म्हणून चष्मा लावला (वाचायचा, त्यामुळे पायऱ्या दिसेनात).

आत बघतो तर भिंतीवर पांढरं फडकं, त्यावर पांढराच रंग. शेजारी दुसरं, तेही तसंच. मला वाटलं, चित्रं अजून यायची आहेत. हॉलच्या मधोमध मात्र पत्र्याचे रिकामे क्रेट रांगेत पसरलेले, दोन क्रेटांत हातभर जागा सोडून. आता पंचवटीच्या बाजारात वाटेत रिकामे क्रेट टाकणाऱ्याला मी सोडत नाही, हे तुम्ही जाणता. झेंडू उतरवला की क्रेट झटकायचे, एकावर एक रचायचे, कडेला लावायचे. हाताला सांगावं लागत नाही. तसंच झालं. शेवटचा क्रेट चढवतो तोच मागून एक बाई किंचाळली. अहो, ते क्रेट म्हणजेच प्रदर्शन होतं!

मुलगा, महेश, धावत आला. मी शिव्या खायच्या तयारीत, तर हा म्हणतो, काका, बसा, चहा घ्या. संशय आणखी बळावला. नाव विचारलं तर माझ्या तोंडून निघालं सहादू. मग या सहादूकाकांना त्याने तासभर समजावलं. याला मिनिमलिझम म्हणतात म्हणे. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काही कलाकारांना वाटलं, चित्रात गोष्ट, भावना, हाताची करामत फार झाली, काढा सगळं. पत्रा पत्र्यासारखा दिसू द्या, दोन वस्तूंमधली मोकळी जागाही बघा. हे कशाचं चित्र, तर कशाचंच नाही, समोर आहे तेवढंच. क्रेटही याने केलेले नाहीत, अंबडच्या वर्कशॉपात करून घेतलेले. मग बाबा, तू केलंस काय? तर म्हणे जागा ठरवली. अरे, क्रेटांची जागा मीही ठरवली होती, ती मात्र तुम्ही लोकांनी पुन्हा पसरून मोडलीत!

तेव्हा दाजी, माझा नकार कळवा. चित्रातून सगळं काढणारा माणूस संसारातून काय काय काढील? माझी एकुलती एक पोर आहे हो. ती त्या घरात गप्प गप्प झाली तर मला सहन व्हायचं नाही.

आपला,
गोटीराम

ता. क. नकार लगेच कळवू नका. काल मळ्यात रिकामे क्रेट हातभर अंतराने मांडून पाहिले. कळलं काहीच नाही, पण तिथून उठवेना. (सायलीची आई अडखळून पडता पडता वाचली. तिचं मत वेगळं आहे.)

ता. क. २. खरं काम हे, की रविवारी मुलगा मला बघताच सहादू म्हणेल आणि चारचौघांत शोभा होईल. तरी मला एक जुळा भाऊ आहे आणि त्याला क्रेट रचायचा नाद आहे, एवढं त्यांच्या कानावर आधीच घाला.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला दिलं तर सायलीने पत्र वाचलं. हसून हसून लोळली. तुम्ही मला न विचारता आमचा घरचा फोटो मुलाकडच्यांना पाठवला होतात म्हणे. महेशने मला दारातच ओळखलं होतं, आणि संध्याकाळी तिला फोनवर सगळं सांगितलं. (दोघं फोनवर बोलतात, हेही आजच कळलं.) म्हणजे तासभर माझ्यासमोर सहादूकाका, सहादूकाका करत बसला आणि चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही! दाजी, हा मुलगा दिसतो तितका रिकामा नाही. याच्यावर कायमची नजर ठेवली पाहिजे, आणि ते जावई केल्याशिवाय जमायचं नाही. होकार कळवा.