अप्पांच्या रुमालातला प्रसाद

जे. पी. नगर, बेंगळुरू
रविवार, ८ मार्च २०२६

प्रिय अक्का,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. अप्पांचा गुडघा स्वल्प कुरकुरतो, आईची जीभ मात्र ठणठणीत आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझं मारतहळ्ळी काही लांब नाही, पण भेटून दहा वर्षं झाली की गं!

बातमी अशी की, मी दर शनिवारी कॉलेजला जाते. कॅथलिक परंपरा आणि संस्कृती, वर्षभराचा कोर्स. हसू नकोस! एकाच गोष्टीकडे इतिहासवाले, धर्मशास्त्रवाले, संगीतवाले आपापल्या बाजूनं बघतात. मागच्या शनिवारचा विषय होता, चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी देतात ती पातळ भाकर. धर्मशास्त्राच्या सिस्टर म्हणाल्या, ते ख्रिस्ताचं शरीर. कॅथलिकांनीच घ्यायचं आणि तिथल्या तिथं खायचं. मग समाजशास्त्राच्या श्रीवत्स सरांनी विचारलं, "तुमच्याकडे प्रसाद घरी कोणासाठी नेतात?" मला एकदम तुझं लग्न आठवलं.

तुझ्या लग्नात अप्पांनी ती भाकर खिशात घातली आणि चर्चच्या माणसानं सगळ्यांदेखत परत मागितली. तुला वाटलं, अप्पांनी मुद्दाम चर्चचा अपमान केला. अप्पांना वाटलं, पोरीच्या लग्नातला प्रसाद हिसकावून घेतला.

अक्का, त्यांना रांगेत मी ढकललं होतं. "जावा की, प्रसाद देताहेत," मीच म्हणाले. त्यांनी ती कपाळाला लावली, रुमालात बांधली आणि मला म्हणाले, "तुझी आई रुसून घरी बसलीय. अंजूच्या लग्नाचा प्रसाद खाल्ला की विरघळेल." तू आणि अप्पा भांडत होतात तेव्हा मी हे सांगायला हवं होतं. भित्री मेली, गप्प उभी राहिले. पुढं सांगणं आणखीच अवघड होत गेलं.

काल अप्पांना सिस्टरांचं म्हणणं समजावलं. त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "सरी, बरोबर आहे. म्हणजे चूक आपलीच की."

रोशन भावोजींकडून कळलं, बारा एप्रिलला तुझ्या लेकीचं पहिलं कम्युनियन आहे, ती भाकर ती पहिल्यांदा घेणार. तेही अप्पांना सांगितलं. म्हणाले, "बोलावेल का? मागच्या बाकावर बसतो म्हणावं, रांगेत येणार नाही. फक्त निघताना केकचा एक तुकडा आईसाठी मागेन. तो तरी बांधून देतात का, तुझ्या सिस्टरना विचार."

सिस्टरना नाही विचारणार. तुलाच विचारते.

अप्पांना पुढं ढकलून स्वतः मागं राहिलेली,
तुझी प्रणिता