जोडपास

विटा,
सातवी माळ

प्रिय …,

पुढची जागा मोकळीच सोडली आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, तरी तुमचं नाव कागदावर लिहायला हात धजत नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच. ती मोकळी जागा बघून तुम्ही हसणार, हे मला इथे बसूनही कळतं.

तुमचं पत्र पोचलं. दसऱ्याला येणं जमत नाही, भट्टीजवळ भरवशाचा दुसरा माणूस नाही, असं लिहिलंत. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं. मी रागावले नाही असं लिहायचं मनात होतं, पण रागावले होते. दोन दिवस तुमच्या फोटोकडे पाठ करून भाकऱ्या थापल्या. आपल्या गावातल्या निम्म्या घरांत हेच आहे म्हणा. पुरुष कुठल्या कुठल्या मुलखात सोनं गाळत बसलेत आणि दसऱ्याला आम्ही बायका एकमेकींच्या हातावर आपट्याची पानं ठेवतो.

रागाला आणखी एक कारण होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. गणपतीत मी कराडला मावशीकडे गेले होते. तिथे आनंदमेळा उतरला होता आणि तोच नवरात्रात विट्याला येणार असं कळलं. मग मी डोकं लढवलं. मेळ्याची मालकीण मुक्ताबाई तंबूमागे चुलीपाशी बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसले. तिलाही बोलायला कुणीतरी हवंच होतं. रोजचं तिकीट काढणं म्हणजे शुद्ध लूट, हे तिनंच सांगितलं. एकट्याचा सगळ्या दिवसांचा पास त्याहून बरा, पण पाळण्यात एकट्याला बसवत नाहीत, तोल जातो, म्हणून रोज कुणीतरी सोबतीला शोधत उभं राहायचं. खरा फायद्याचा तो जोडपास. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत दोघांनी रोज जायचं, पाळणा, आरसेमहाल, मौत का कुआँ सगळं त्यात, आणि किंमत एकट्याच्या पासाहून थोडीच वर. तोसुद्धा खांब रोवायच्या दिवशी घेतला तर आणखी उतरतो. ‘आगं, खांब रवताना आमाला डिझेलला रोकड लागती, तवा मागंल त्या दरानं देतो,’ असं ती म्हणाली. मग काय, इथे खांब रोवले त्या सकाळी मी ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन तिच्यापुढे हजर. भाकरीचा पहिला घास खाल्ल्यावर तिनं दर आणखी खाली आणला. तुम्ही सोन्याचा कस बघता, मी पासाचा बघितला.

तो पास आपल्या दोघांचा होता. आपण लग्नाच्या वर्षी जत्रेत पाळण्यात बसलो होतो, आठवतं? इंजिन बंद पडलं आणि आपला पाळणा नेमका सगळ्यांत वर अडकला. खाली लोक ओरडत होते आणि तुम्ही निवांतपणे मला मुलूख दाखवत होता. तो रेवणसिद्धाचा डोंगर, तो तासगावचा रस्ता, त्याच्या पुढे मिरज, मिरजेहून आगगाडी, आणि दोन दिवसांनी तुमच्या भट्टीचं त्रिचूर. मला त्या संध्याकाळी त्रिचूर दिसलं होतं. नारळाची झाडं, कौलांवर पाऊस आणि एका लहानशा दारात भट्टीचा लाल उजेड. अजून झोपेत कधी कधी तो पाळणा तसाच वर थांबलेला असतो. मग तुम्ही बोट दाखवता आणि बोटापुढे एकेक गाव उजळत जातं. जाग आली की थोडा वेळ अंथरूणसुद्धा हलतंय असं वाटतं.

तुमचं पत्र घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आलं. मी पास फडताळात टाकला आणि भाकऱ्या थापायला बसले. पण माझ्या थापण्यावरून आत्याबाईंना राग लगेच कळतो. तुमच्या आईच त्या, खोदून खोदून विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, ‘पास वाया घालवायचा न्हाई. जालिंदर न्हाई तर जालिंदरची आई हाय.’ (नाव त्यांनी घेतलं, मी नुसतं उतरवलं.) मी म्हटलं, हा नवरा-बायकोचा असतो. तर मला हाताला धरून थेट मुक्ताबाईपुढे उभ्या. ‘जोडी म्हंजे दोन माणसं. कुणती, ते कुटं लिवलंय?’ मुक्ताबाईनं हसत पासावर शिक्का मारला.

पुढे त्यांनी त्या पासाचं जे केलं, ते त्याच करू जाणे. घटस्थापनेपासूनचा पास म्हटल्यावर त्यांच्या लेखी तो देवीचाच झाला. एक दिवस चुकला तर माळ चुकल्यासारखं. सकाळी घटाला माळ बांधायची, दिवसभर उपास करायचा, ऊन उतरलं की धुतलेलं लुगडं नेसून मेळ्यात जायचं, आणि पाळण्यातून खाली आल्यावरच तोंडात भगरीचा घास घालायचा. बसण्याआधी पाळण्याच्या दांडीला हळदकुंकू लावतात. पाळणा फिरवणारा सिद्धू पहिल्या दिवशी तोंड फिरवून हसला. आता तोच पायातल्या चपला काढून त्यांना हात देतो आणि आमचा पाळणा वर गेला की न सांगता जरा थांबवतो.

वर वारा वेगळाच असतो. खालचे भोंगे, पोरांची रडारड, तळणीचा वास, सगळं कुणा दुसऱ्याच्या गावातलं वाटतं. शाळूची रानं निळसर होत जातात आणि तासगावच्या रस्त्यावर एखाद्या एसटीचा दिवा लागतो. आत्याबाई मला नेहमी आपल्या उजव्या हाताला बसवतात, दुसरीकडे बसू देत नाहीत. मग म्हणतात, ‘सांग, काय दिसतंय.’ मी सांगत जाते, त्या ऐकत जातात. मला वाटायचं, त्यांना माझ्या तोंडून ऐकायला आवडतं. तिसऱ्या माळेला आरसेमहालात गेलो. आपलीच लांबोडकी तोंडं बघून बाया पोट धरून हसत होत्या. आत्याबाई पडद्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, ‘लय मजा हाय.’

काल वर गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच थेट विचारलं, ‘जालिंदर दिसतोय का गं रस्त्याला?’ इतके दिवस त्या रोज वर का येत होत्या ते मला तेव्हा कळलं. रस्त्यावर दोन म्हशी होत्या आणि त्यांच्यामागे गुराखी गुंडा. मी म्हटलं, ‘दिसत्यात की. पांढरा सदरा हाय, खांद्याला पिशवी हाय.’ त्यांनी विचारलं, ‘कुटवर आलाय?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मिरजेच्या लय पल्याड.’ एवढ्या लांबचं कुणाला कसं दिसेल, हे त्यांनी विचारलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, बोटं मोजली आणि म्हणाल्या, ‘मंग कोजागिरीला पोचंल.’ घरी आल्यावर तुमची गादी उन्हात टाकायला सांगितली.

आता जे लिहू नको म्हणून त्यांनी मला घटापुढे शपथ घातली, तेच लिहिते. देवी मला समजून घेईल. चौथ्या माळेला मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. उजव्यात थोडा उजेड राहिला आहे, तो दिवाळीपर्यंत टिकेल की नाही हे डॉक्टरांनाही सांगता येईना. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. तुम्ही भट्टी टाकून धावत याल म्हणून त्यांनी लपवलं, आणि तुम्ही धावत यावं म्हणूनच मी हे पत्र लिहिते आहे. दसरा गाठणं होणार नाही, हे मला कळतं. कोजागिरी गाठा. पास त्या दिवसापर्यंत चालतो. त्या संध्याकाळी मी खाली सिद्धूजवळ उभी राहीन, माझी जागा तुमची. फक्त बसाल ते त्यांच्या उजव्या हाताला बसा. डावीकडे बसलात तर त्यांना तुम्ही दिसणार नाही.

तुमचीच,
अंजना