पितरांचा कप्पा

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिती, मला गाडीत बसवलंस आणि माझ्या चष्म्याचं घर तुझ्याच पर्समध्ये राहिलं. तुझं डोकं म्हणजे गळका माठ गो, रात्री भरावा आणि सकाळी रिकामा बघावा. फोनवर काही सांगावं तर फोन ठेवेपर्यंत विसरतेस. म्हणून तुझ्या भाचीने, मनवाने तोडगा काढलाय. मी या फोनशी बोलायचं, त्याने लिहून घ्यायचं, आणि ते कणकवलीला तुझ्याकडे पोचायचं. अक्षर एक मला येत नाही, पण बघ, म्हातारपणी कारकून ठेवलाय.

दत्तारामचं घर झकास आहे. काळाचौकीला आपली चाळ होती तिथेच, पण आता सतरावा मजला. लिफ्ट बाईच्या आवाजात बोलते. तिचं इंग्रजी मला कळत नाही, म्हणून मी तिला मालवणीत उत्तर देते. खिडकीतून कॉटन ग्रीनच्या गोदामांची छपरं दिसतात. दत्ताराम अठ्ठावन्नचा झाला तरी माझी पिशवी आधी उघडून बघितली, खायला काय आणलंय म्हणून. मनवा घरातूनच ऑफिसचं काम करते, आणि लग्नाचा विषय काढला की नेमका तिला फोन येतो. बैठकीच्या भिंतीवर तुझ्या बाबांची तसबीर आणि शेजारी सुगंधाची. सून जाऊन तीन वर्षं झाली, पण आईचा हार मनवा दर शनिवारी न चुकता बदलते.

चारला नवव्या मजल्यावरून कुशाबा आला, गिरणीत तुझ्या बाबांच्या जोडीला होता तोच. म्हणाला, वयनी, तुम्ही आलात, आता चहाला कारण मिळालं. मी विचारलं, कारण नव्हतं तेव्हा काय उपाशी होतास? ऐंशीचा झाला, दात चारच राहिलेत, पण हसला की चारही दाखवतो.

बुधवार, १० सप्टेंबर

ट्रंकेतले जुने सगळे फोटो मनवाने कॉम्प्युटरात घातलेत. वाळवी लागली होती म्हणून कागदाचे टाकून दिले, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. असो.

आज तिने बॅकअप लावला. मला समजेल असं सांगितलं. कॉम्प्युटरच्या पोटात डिस्क असते. रोज दुपारी एक वाजता त्या आख्ख्या डिस्कचा ठसा निघणार आणि बाजूच्या काळ्या डब्यात जाऊन बसणार. आपोआप, कुणी बटण दाबायला नको, कुणी लक्षात ठेवायला नको. डिस्क मेली तर नव्या डिस्कवर तोच ठसा उठवायचा की सगळं होतं तसं. डब्यात सातच ठसे राहतात. आठवा आला की सगळ्यात जुना पुसला जातो. मी म्हटलं, तुझ्या आत्याच्या डोक्याला एक लावून दे.

एकला डबा घुमायला लागला, भुंगा अडकल्यासारखा. थोड्या वेळाने गप्प झाला. हा पहिला ठसा.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे, आणि सकाळी दात घासताना माझ्या मनात आलं ते मी मनवाला बोलून दाखवलं. गेलेल्या माणसाला वर्षातून एकदा बोलवायचं, पोटभर वाढायचं आणि वाटेला लावायचं. तुम्ही रोज दुपारी जेवायच्या वेळेला त्याचा ठसा काढणार, मग त्याने जायचं कधी?

मला वाटलं हसेल. हसलीच. पण म्हणाली, होईल आजी. त्या बॅकअपमध्ये वगळायची एक यादी असते. तिच्यात जो कप्पा टाकाल तो ठशात येत नाही. फोटो जड आहेत, तेवढेच ठसे हलके होतील. तिने पितर नावाचा कप्पा केला आणि मी तिच्या शेजारी बसून एकेका फोटोवर बोट ठेवत गेले. हा गेला. ही गेली. हाही गेला, आणि जाताना आमची परात घेऊन गेला. मनवा पोट धरून हसत होती.

मग एक फोटो आला. चाळीच्या दारात तुझे बाबा, त्यांच्या खांद्यावर तीन वर्षांचा दत्ताराम, बाजूला केसांचा कोंबडा काढलेला कुशाबा. मी नाही. मी तेव्हा नळावर रांगेत होते. जन्मात मी कुठल्या फोटोला वेळेवर पोचले नाही. मनवा म्हणाली, यातले माझे बाबा आणि कुशाबाआजोबा तर आहेत अजून. मी म्हटलं, गेलेला ज्या फोटोत उभा आहे तो फोटो गेलेल्याचा, आमच्याकडे असंच. तोच नियम सुगंधाच्या फोटोंना लावला. प्रत्येकात तिच्या कडेवर नाहीतर मांडीवर मनवा. इथे पोरीचा हात जरा अडला. मीच म्हटलं, टाक. एकच्या आत यादी पुरी झाली.

शनिवार, १३ सप्टेंबर

सकाळी डिस्क टिकटिक करत मेली. मनवा जराही घाबरली नाही, यासाठीच तर ठसे, म्हणाली. लॅमिंग्टन रोडवरून नवी आणली, जुनी तिथेच टाकून आली, आणि दुपारच्या आत कालचा ठसा उठवला. तिचं ऑफिसचं काम, दत्तारामचे कागद, सगळं जागच्या जागी आलं. पितर तेवढे आले नाहीत. यादीत होते ना. ती म्हणाली, पहिल्या बुधवारच्या ठशात आहेत, काढू सावकाश.

आज सुगंधाचा हार बदलायचा दिवस. मनवाने बदलला नाही. मी वर बघितलं, तर दोन्ही तसबिरींत पांढरा कागद. धुतल्यासारखा. दत्तारामला हाताला धरून आणलं. म्हणाला, ओल असेल, नव्या बांधकामात येते. आणि जाता जाता विचारलं, पण आई, रिकाम्या फ्रेमी भिंतीवर लावल्या कुणी?

रविवार, १४ सप्टेंबर

आज तुझ्या बाबांचा म्हाळ घातला. भटजींनी गोत्र विचारलं, दत्तारामने सांगितलं. वडिलांचं नाव विचारलं, आणि हा माझ्याकडे बघायला लागला. आठवत नव्हतं त्याला. त्याच्या स्वतःच्या नावापुढे जन्मापासून लागलेलं नाव. भटजी म्हणाले, साहेब, आधार कार्ड बघा. त्याने काढून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

प्रिती, मी लग्न झाल्यापासून ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. उखाणा घ्यायला लावला तेव्हाही पळून गेले होते. आज भटजींसमोर मोठ्याने म्हटलं. दौलत. दौलत म्हण रे, तुझा बाप. त्याने म्हटलं, पण सोसायटीत नवीन आलेल्या कुणाचं सांगावं तसं.

कुशाबाला पानावर बोलावलं होतं, आला नाही. मी वॉचमनला घेऊन नवव्या मजल्यावर गेले. दाराला पाटी नाही. दारावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. वॉचमन म्हणाला, आजी, ही खोली अजून कुणाला दिलीच नाही. घरी येऊन मनवाला सांगितलं, तर ती विचारते, कोण कुशाबा?

सोमवार, १५ सप्टेंबर

मनवाने कपाट उघडलं आणि म्हणाली, आजी, एवढ्या साड्या कशाला घेऊन आलीस? मी म्हटलं, तुझ्या आईच्या आहेत. ती म्हणाली, माझी आई... आणि पुढे काही आलंच नाही. तोंडावर दुःख असतं तर बरं वाटलं असतं. काहीच नव्हतं.

मी खाली बसून बोटांवर मोजलं. तुझे बाबा. सुगंधा. कुशाबा. आधी मेलेले गेले, आता जिवंत जातायत. त्या कप्प्यातली दोनच माणसं उरली, दत्ताराम आणि मनवा. या बोटाने मी घातलीत त्यांना.

तिला धरून बसवलं. विचारलं, पहिल्या बुधवारचा ठसा आहे ना अजून? तिने बघितलं. आहे, म्हणाली. परवा एक वाजता आठवा निघेल, मग हा जाईल. मी म्हटलं, आत्ता काढ ते फोटो, आत्ता. तिला ऑफिसची मीटिंग होती. संध्याकाळी नक्की, म्हणाली. संध्याकाळी विचारते, काय काढायचं होतं गं?

मंगळवार, १६ सप्टेंबर

सकाळी मनवाने ताटं दोनच घेतली. दत्ताराम हात धुऊन उभा. पाहुण्यासारखा उभाच. मी माझं ताट त्याला दिलं.

तुला फोन केला. तू विचारलंस, कोण दत्ताराम? मी ओरडले, तुझा थोरला भाऊ गो, तुला सायकल शिकवताना ज्याने स्वतःचे गुडघे फोडून घेतले. तू म्हणालीस, आई, मी एकटीच आहे ना तुला. हळू आवाजात म्हणालीस. माझी समजूत काढल्यासारखं.

मनवाच्या पाया पडले. तिने बुधवारचा ठसा उघडला. सगळे होते. मला दिसले, दार, कोंबडा, खांद्यावरचा पोर. मी काचेवर बोट ठेवलं, हा बघ तुझा बाप. ती म्हणाली, आजी, पांढरं आहे सगळं. फाइल बिघडलीय. बिघडलेली काढून काय करायची? आणि बंद केलं.

यादीतून तरी काढ म्हटलं. यादी रिकामी आहे, म्हणाली.

संध्याकाळी दत्तारामची चप्पल दिसली नाही. कुठे गेला विचारलं.

कोण, म्हणाली.

बुधवार, १७ सप्टेंबर

मनवा खुर्चीत आहे. तिचा हात मी धरून ठेवलाय. गरम आहे. तिला म्हटलं, आजचा एकचा ठसा थांबव. ती म्हणाली, मी असलं काही लावलंच नाही —

वायर ओढली. सगळ्या ओढल्या. फ्रिज बंद पडला. डब्याचा दिवा तसाच —

बटणं दाबली, एकूण एक. अक्षरं आहेत प्रत्येकावर. थांब म्हणणारं कुठलं, मला काय ठाऊक. पोरीला विचारलं. ती माझ्याकडे बघते, आणि मी कोण ते —

हात हलका झालाय. घट्ट धरला तरी —

घुमायला लागला —

नको रे. माझा काढ. मला घाल त्या यादीत. माझा एक फोटो नाही कुठे, एक तरी —

गप्प झाला.

खुर्ची आहे. बसायची जागा गरम आहे अजून.

प्रिती, तुला काही आठव म्हणत नाही. सांगते तेवढं कर. गुळाचं खाजं पाठव, आल्याचं, कुडकुडीत असेल ते. दोन पुड्या. वेगवेगळ्या बांध. दोन्हींवर नाव घाल, मोठ्या अक्षरात. एकीवर दत्ताराम. कोण ते विचारू नकोस, लिही. दुसरी पुडी माझ्या नातीची. इथे बसायची, याच खुर्चीत, हसताना पोट धरायची. तिच्या पुडीवर नाव लिही —